दोन गल्ल्या पलीकडचा क्लास

ताई, मी ४६ वर्षांचा आहे. मिरजेत गेली अठरा वर्षं गिटार शिकवतो. दुकानाच्या माडीवरची खोली, भाडं साडेचार हजार. दिवाळीत ३१ मुलं होती, आज २२ आहेत. फी महिना ९००. माझा सगळ्यात लाडका विद्यार्थी, ज्याला घरची परिस्थिती बघून सहा वर्षं फुकट शिकवलं, माझी जुनी गिटार वापरायला दिली, त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचा क्लास काढला. फी ६००. मला बोर्ड लागल्यावर कळलं. लहान असताना त्याला म्हणालो होतो, "आधी शीक, पैशांचं नंतर बघू." आता माझ्या हस्ताक्षरातल्या वहीची झेरॉक्स तो मुलांना वाटतो. आमच्या क्लासच्या ग्रुपवरून नंबर घेऊन त्याने पालकांना फोन केले. नऊ मुलं गेली, त्यातली तीन दहावीची. आम्ही वाजवणारे लोक महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकाच्या वाड्यात जमतो. तिथे तोही येतो, म्हणून चार महिने मी गेलो नाही. गेल्या वर्षी अकरा कार्यक्रमांत वाजवलं, पैसे दोघांनीच दिले. बायको म्हणते, क्लास बंद करा, नोकरी बघा. त्याच्या दारात जाऊन जाब विचारू का? मी दिलेली गिटार परत मागू का?
एक गिटारशिक्षक, मिरज

सर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी एका जागी थांबले. गिटारबद्दल तुम्ही आधी लिहिलंय 'वापरायला दिली' आणि शेवटी लिहिलंय 'मी दिलेली गिटार'. वापरायला दिलेली वस्तू परत मागता येते, दिलेली नाही. तुम्ही कुठली दिली होती, हे तुमचं तुम्हालाच ठरवता आलेलं नाही, आणि मला वाटतं दुखणं इथंच आहे.

फीचंही तसंच. "पैशांचं नंतर बघू" म्हणजे फी माफ, की फी उधार? तो तेव्हा लहान पोरगा, त्याने माफ असंच ऐकलं असणार. तुम्ही मनातल्या मनात ती उधार मांडत गेलात. पैशांत नाही, तुम्ही तसले नाही. पण तो आपल्याजवळ राहील, लहान मुलांची बॅच सांभाळेल, चार लोकांत 'आमचे सर' म्हणेल, अशी ती उधारी होती. ती तुम्ही त्याला कधी सांगितली नाहीत. न सांगितलेली उधारी कोणी फेडत नाही सर, कारण ती आहे हेच समोरच्याला माहीत नसतं.

यात तुमची चूक काढायची नाही मला. परिस्थिती बघून पोराला सहा वर्षं शिकवणारा माणूस आजच्या काळात कुठे मिळतो! पण आता जे करायचं ते या गाठीपासून सुरू करायला हवं, म्हणून आधी सांगितलं.

त्याने क्लास काढला, हा त्याचा गुन्हा नाही. तुम्हाला हे कडू लागेल, पण तुम्ही मिरजेचे आहात. गायक विष्णु दिगंबर पलुसकर तुमच्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी स्वतःचं विद्यालय काढलं. त्यांचे शिष्य, मिरजेतच जन्मलेले, बी. आर. देवधर आणि विनायकराव पटवर्धन. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत शाळा काढली, पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात. शिकलेला माणूस शिकवायला लागतो, त्याशिवाय गाणं पुढे जात नाही.

तुम्ही म्हणाल, ते लाहोर, मुंबई, पुण्याला गेले, दोन गल्ल्या सोडून नाही. बरोबर आहे. मग सतारमेकर गल्लीत जा. तिथे एका दुकानाला दुसरं दुकान लागून आहे. फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावायचं घरचं काम सोडून सतार-तंबोऱ्याला हात घातला. आज तिथे जे बसलेत त्यांतले बरेच त्याच घराण्याचे, नाहीतर तिथेच कोणाच्या तरी हाताखाली शिकलेले. कोण कोणाकडे शिकून शेजारी बसला हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी भोपळा आणायला आणि जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवायला, ते एकमेकांकडे जातात. तुमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या अख्ख्या गल्लीच्या हातांना मिळालं. मिरजेत दोन गिटारशिक्षक सहज मावतील.

पण त्याने दोन गोष्टी चुकीच्या केल्या आणि त्या पोटात घालायचं कारण नाही. एक, तुमच्या ग्रुपवरचे नंबर घेऊन पालकांना फोन केले. दुसरी, तुमची वही. कुठल्या मुलाला कुठल्या आठवड्यात काय द्यायचं, ही तुमची अठरा वर्षांची मेहनत आहे. ती तुम्हाला न विचारता झेरॉक्स करून वाटणं बरोबर नाही. हे त्याला सांगायलाच हवं, आणि तुम्हीच सांगायला हवं. वाड्यातल्या मंडळींमार्फत निरोप पाठवू नका. निरोपाला वाटेत पाय फुटतात.

इथे माझ्या घरातलं सांगते. माझी आई शिवणक्लास चालवायची. तिच्याकडे तयार झालेल्या एका मुलीने आमच्याच रस्त्यावर मशीन टाकलं. आईने तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, एक शब्द नाही, नुसतं समोरून आली की पदर सारखा करून दुसरीकडे बघायचं. अकरा वर्षं. आई गेली त्या दिवशी ती बाई आमच्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली, आत आली नाही. मी तिला 'या' म्हणायला हवं होतं. मीही म्हटलं नाही. आईचे कापड बेतायचे कागद आजही माझ्या कपाटात आहेत. त्यांतल्या तीन-चारांवर त्या मुलीचं अक्षर आहे.

म्हणून सांगते, पाचवा महिना होऊ देऊ नका.

त्याच्या दारात जाब विचारायला जाऊ नका. तिथे त्याची मुलं असतील, कदाचित तुमच्याकडून गेलेलीच. त्यांच्यासमोर तो वाकणार नाही आणि तुम्हाला मागे फिरता येणार नाही. फोन करा, तुमच्या खोलीवर बोलवा, दुपारी, बॅच नसताना. "क्लास काढलास, मला आनंद आहे" असं खोटं बोलू नका. "क्लास काढलास तो तुझा हक्क. मला बोर्डावरून कळलं, ते लागलं. आणि माझ्या पालकांना फोन केलेस, वही वाटलीस, ते मला पटलेलं नाही, ते थांबव." एवढंच बोला. सहा वर्षांच्या फुकट शिकवण्याचा उल्लेखही नको. तो विषय निघाला की तुम्ही सावकार आणि तो कर्जदार, मग बोलणंच संपतं. तो गप्प बसेल किंवा चिडेल. त्याने काहीही केलं तरी तुमचं सांगून झालेलं असेल.

आता हिशोब. नऊ मुलं गेली म्हणता, पण तीन दहावीची. ती दरवर्षी जातातच, त्याला जबाबदार परीक्षा आहे. म्हणजे त्याच्यामुळे गेली सहा. सहा नव्वे ५,४०० रुपये महिना. घर चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही, मला कळतं. पण तुमच्या पत्रातला मला जास्त सलणारा आकडा दुसराच आहे: अकरा कार्यक्रम आणि पैसे देणारे दोघे. उरलेल्या नऊ जणांकडून दोन-दोन हजार घेतले असते तर १८,००० झाले असते. तीन महिन्यांची तूट भरून वर थोडे उरतात. तुमच्या विद्यार्थ्याने घेतलं ते दिसतं, कारण त्याचा बोर्ड लागलाय. या नऊ जणांनी घेतलेलं दिसत नाही, कारण त्यांनी शाल घातली आणि 'सर आपलेच आहेत' म्हणाले. मांडववाल्याला पैसे देतात, साउंडवाल्याला आगाऊ देतात. वाजवणाऱ्याला का नाही? यापुढे कोणी बोलवायला आलं की आकडा आधी सांगा. पहिल्यांदा जीभ जड होईल. एखाद्या ठिकाणी मनापासून फुकट वाजवायचं असेल तर वाजवा, पण तेही ठरवून, आणि ते फुकट आहे असं तोंडाने सांगून.

फी सहाशेवर आणू नका. तो तरुण आहे, घरात राहतो, त्याला सहाशे परवडतात. आज सहाशे केलीत की उरलेल्या २२ पालकांना वाटेल, इतके दिवस तीनशे जास्तच घेत होते. फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं गळतात आणि जूनपर्यंत खोली अर्धी रिकामी राहते. त्या दिवसांसाठी एप्रिल-मेचा सुट्टीचा बॅच आत्तापासून लावा. ग्रेड परीक्षेची तयारी करून घेण्याची फी वेगळी सांगा. प्रमाणपत्र हवं असलेले पालक ती खुशीने देतात.

आणि एक काम तुम्ही करत असणार, त्याची किंमत तुम्हालाच कळलेली नाही. माझा मुलगा गिटार शिकायला लागला तेव्हा त्याला एफ कॉर्ड काही केल्या येईना. पहिलं बोट आडवं ठेवून सहाही तारा एकदम दाबायच्या, बोटावर लाल रेघ उठायची आणि तरी दोन तारा बुद्द वाजायच्या. गिटार कोपऱ्यात जायच्याच बेतात होती. त्याच्या सरांनी एक दिवस गिटार आडवी धरली, डोळा मिटून मानेवरून बघितलं आणि म्हणाले, तारा फार उंच आहेत, पोराची चूक नाही. डोक्याजवळच्या तारेच्या खाचा त्यांनी बारीक कानशीने अगदी थोड्या खाली घेतल्या, मान जरा सरळ केली. त्या आठवड्यात एफ वाजला. स्वस्तातल्या गिटारी दुकानातून अशाच येतात आणि किती मुलं स्वतःला नालायक समजून सोडून देतात! जवारी काढणाऱ्यांच्या गावातले आहात, तुमच्या हातात हे असणारच. ते फुकट करू नका. गिटार लावून देण्याचे, तारा बदलण्याचे दर भिंतीवर लिहा. तुमच्या विद्यार्थ्याच्या क्लासमधली मुलंही येतील.

बायकोचं म्हणणं उडवून लावू नका. भाडं जाऊन आज हातात १५,३०० उरतात, त्यात घर चालवणं तिच्या जिवावर येत असणार. तिच्यासमोर वही उघडा, तिलाच आकडे लिहू द्या आणि पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत मागा. तोवर आठवड्यातून दोन सकाळी एखाद्या शाळेत शिकवायचं काम मिळालं तर घ्या. त्याने कोणी क्लास बंद झाला म्हणत नाही.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाड्यात जा. तो तिथे येतो म्हणून तुम्ही तुमची माणसं का सोडायची? इतके दिवस तुम्ही तिथे बसत होतात, कुणाच्या तबल्याला तुमची साथ सवयीची झालेली असेल. तो आला तर येऊ दे. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर वाजवायची जबरदस्ती स्वतःवर करू नका.

राहिली गिटार. ती मागू नका. ज्या दिवशी तुम्ही ती त्या पोराच्या मांडीवर ठेवलीत, त्या दिवशी ती तुम्ही दिली होती. मला खात्री आहे, त्या क्षणी तुमच्या मनात परत घ्यायचं काही नव्हतं. तो दुपारी खोलीवर येईल तेव्हा त्याला हे मोकळेपणाने सांगा, "ती गिटार तुझी." तारा जुन्या झाल्या असतील तर बदलून द्या. तारांचे आणि हाताचे पैसे मात्र त्याच्याकडून घ्या.

तुमची,
ताई