शेजारचा गुलमोहर घरावर पडलाय, पोरं चेनसॉ घेऊन उभी आहेत, कापू द्यायचं का?

ताई, प्रश्न नीट वाचला. तुम्ही पुण्यात, आईबाबा नागपूरला त्रिमूर्तीनगरात दोघंच, काल रात्रीच्या वादळात शेजाऱ्यांचा गुलमोहर कंपाउंड ओलांडून वरच्या टिनाच्या शेडवर आणि गच्चीच्या कठड्यावर आडवा झालाय, पाण्याची टाकी फांद्यांखाली अडकलीय, लाइन गेलेली, मनपाकडून "गाडी येईल" एवढंच उत्तर मिळतंय आणि गल्लीतली पोरं भाड्याचा चेनसॉ घेऊन दारात हजर आहेत. पोरांना कापू द्यायचं का आणि खर्च कोणाचा, हे दोन मुख्य प्रश्न, शिवाय मदतीला येणारे स्वयंसेवक खरे की खोटे हे कसं ओळखायचं. पहिल्याचं उत्तर आधी घ्या, नाही, आत्ता नाही. पोरांना चहा पाजा, पण मशीन खाली ठेवायला लावा.

मी आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी स्वयंसेवकाचं, ट्रेनिंग घेतलेलं आहे आणि त्याच्याही आधीपासून आमच्या मोहल्ल्यात हेच करत आलोय, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की मृगाचा पाऊस पक्का होईपर्यंत संध्याकाळी चारनंतर आमच्यातलं कोणी गावाला जात नाही असं समजा. तेवढ्या अनुभवावर सांगतो, वादळात जेवढे लोक जखमी होताना बघितले त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पडलेलं असताना, झाड कापताना झालेले बघितले. कारण लोकांना वाटतं झाड पडलं म्हणजे पडलं. ते पडलेलं नसतं हो, ते टेकलेलं असतं. अर्धं वजन शेडच्या अँगलवर, थोडं कठड्यावर, थोडं वाकलेल्या फांद्यांवर आणि उरलेलं मुळांच्या गड्ड्यावर. यातलं एक काही हललं की बाकी सगळं हलतं.

सगळ्यात आधी करंट. लाइन गेली म्हणजे तार मेली असं धरू नका, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. फीडर, म्हणजे भागाला वीज देणारी मोठी लाइन, ट्रिप झाला की फॉल्ट शोधताना मधेच करंट सोडून बघतात, शिवाय शेजारच्या कोणाचं जनरेटर नाहीतर इन्व्हर्टर चुकीच्या वायरिंगमुळे उलटा करंट टाकत असू शकतं. घरातला मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर बंद करा, गच्चीवर सोलर असेल तर त्याचाही आयसोलेटर (बंद करायचा स्विच) पाडा, पण पॅनलकडून येणारी वायर उजेड असेपर्यंत जिवंतच असते, ती तुटलेली दिसली तर त्या बाजूला कोणी फिरकायचंच नाही. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर फांदीत अडकली असेल तर १९१२ वर महावितरणला कळवा आणि "झाड तारेवर आहे" हे शब्द वापरा, नुसतं "लाइट नाही" म्हटलं तर तुमचा नंबर हजार तक्रारींच्या मागे लागतो. लाइनमनने खांबावरून जंपर (घराच्या वायरचा जोड) काढून "झालं, करा आता" असं तोंडाने सांगेपर्यंत त्या झाडाला ओला दोर लावायचा नाही आणि अॅल्युमिनियमची शिडी तर नाहीच नाही. जमिनीवर तार पडली असेल तर तिच्यापासून निदान दहा मीटर लांब, कारण ओल्या जमिनीतूनही करंट पसरतो. गॅसचा वास आला तर १९०६, आणि सिलेंडर त्याच शेडखाली ठेवलेलं असेल तर बाबांना ते आणायला पाठवू नका.

आता आईबाबांचं. ते वरच्या मजल्यावर असतील तर त्यांना खाली आणा, त्यातही झाड ज्या बाजूला टेकलंय त्याच्या उलट बाजूच्या खोलीत. स्लॅबला नवीन भेग दिसते का, दार अचानक अडकायला लागलंय का, छज्जा झुकलाय का, एवढं खालूनच बघायला सांगा. काही दिसलं तर आजची रात्र नातेवाइकांकडे. आमच्याकडे लोक लगेच सेंट्रिंगवाल्याला बोलावून बल्ल्यांचे टेकू लावतात, ते चांगलंच आहे, पण टेकू लावायला माणूस त्याच स्लॅबखाली जातो हे कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा आधी कोणीतरी जाणकार इंजिनियर बघू द्या. कोणी अडकलेलं किंवा जखमी असेल तर अर्थात हे सगळं सोडा आणि १०१ किंवा ११२ लावा, १०८ ची अॅम्ब्युलन्स. घाई करायची ती इथेच. टाकी अडकली, पाणी नाही, हे कारण घाईचं नाही, टँकर नाहीतर शेजारचा पाइप मिळतो.

मग पोरांचं मशीन का नको ते सांगतो, कारण "काही नाही होत काका, मारू दोन हात" हे वाक्य तुमच्या बाबांनी सकाळपासून चारजणांकडून ऐकलं असणार. वाकलेल्या फांदीची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी दाबलेली. ताणलेल्या बाजूने सरळ कापायला घेतलं की फांदी मधूनच उभी फाटते आणि कापणाऱ्याच्या छातीवर येते, दाबलेल्या बाजूने खोलवर कापत गेलं की पातं आतच चिमटून बसतं आणि मग तो माणूस ते ओढायला जातो. जाणणारा माणूस आधी दाबलेल्या बाजूला छोटी खाच घेतो आणि मग ताणलेल्या बाजूने हळूहळू सोडवतो, आणि टोकाकडून सुरुवात करून छोटे तुकडे पाडत बुंध्याकडे येतो. दुसरं, चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं. म्हणून ते खांद्याच्या वर उचलून, शिडीवर उभं राहून, एका हाताने कधीच चालवायचं नसतं, आणि गच्चीवर पडलेलं झाड कापताना हौशी माणूस नेमकी हीच तिन्ही कामं करतो. चप्पल घालून! माझ्या समोर चप्पल घालून चालवलंय लोकांनी.

वजनाचाही अंदाज नसतो. चाळीस सेंटीमीटर जाडीचा, तीन मीटर लांब ओंडका म्हणजे घनमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त, ओला असला की तीनशे किलोच्या घरात. तो चार पोरांनी "धरून" खाली सोडायचा असतो म्हणे. कापला की कठडा घेऊन खाली जातो, आणि जे घर वादळात वाचलं त्याला सकाळी भगदाड पडतं. बुंध्याच्या जाड भागासाठी हायड्राच (ओझं उचलणारी चाकांची क्रेन) हवा, पट्टा लावून वजन पेलून धरायचं आणि मगच कापायचं.

तिसरी गोष्ट कोणीच बघत नाही ती म्हणजे मुळांचा गड्डा. खोड कापून वजन गेलं की तो उभा झालेला गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. लहान पोरं नेमकी त्या खड्ड्यात उतरून बघत असतात. शेजाऱ्यांकडच्या बाजूला दोरी बांधून टाका, आजच.

आज मात्र एक काम नक्की करून घ्या, ताडपत्री. आपल्याकडे या दिवसांत दुपारी तापलं की संध्याकाळी परत ढग उभे राहतात, लागोपाठ वादळं येणं नवीन नाही. शेडचे जे पत्रे मोकळे होऊन लटकतायत ते कोणी वर न चढता काढता येत असतील तर काढा, नाहीतर खालची गल्ली तेवढी बंद ठेवा, उडालेला पत्रा मान कापतो. पत्रे सिमेंटचे असतील तर कटर लावू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं, पाणी मारून ओले करा आणि तुकडे न करता उचला. मौसम अॅपवर नागपूर केंद्राचा पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा दिसतो, विजेसाठी दामिनी अॅप आहे, काम चालू असताना एकाने त्याच्यावर नजर ठेवावी.

स्वयंसेवकांबद्दल तुम्ही विचारलंत की खरे कोण, खोटे कोण. खोटे असं कोणी नसतं हो, उत्साही असतात. आपदा मित्रवाल्याला बारा दिवसांचं ट्रेनिंग झालेलं असतं, ओळखपत्र आणि किट असतं. पण मी ओळखपत्रापेक्षा वेगळी गोष्ट बघतो. चांगला माणूस आल्याआल्या झाडाकडे जात नाही, आधी वर तारांकडे बघतो, मग गर्दी मागे सारतो, मग विचारतो घरात किती जण आहेत. मशीन चालू करत येणारा आपल्या कामाचा नाही. खरं सांगायचं तर आमचं निम्मं काम लोकांना थांबवायचंच असतं. दोरी धरायची, शिट्टी मारायची, म्हाताऱ्या माणसांना जिन्यावरून उतरवायचं, सामान हलवायचं, लाइनमनला गल्ली दाखवायची. त्या पोरांना हीच कामं द्या, ती खुशीने करतील. बोलणारा एकच माणूस ठेवा, बाकी सगळे गप्प. आणि ते पैसे घेणार नाहीत, तर ताक, पन्हं काही पाजा, बाथरूम वापरू द्या. भाड्याचा कापणारा आणि हायड्रावाला हे वेगळं खातं, त्यांचा रेट आणि फांद्या उचलून नेण्याचं बोलणं आधी करून घ्या, नाहीतर कचरा दारात आणि माणूस गायब.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा लोकांनी बघितलं असेल, एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दल) तुकडी आपल्याच शहरात आहे, अग्निशमनचं राष्ट्रीय कॉलेज इथे, नागरी संरक्षणचं होतं तिथे आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आहे. म्हणजे जाणकार माणसांचा तोटा नाही. पण वादळाच्या रात्री शहरभर झाडं पडतात आणि ही माणसं आधी जिथे जीव अडकलाय तिथे, मग बंद पडलेल्या मेन रोडवर जातात. तुमचं झाड खाजगी जागेतलं आणि कोणी अडकलेलं नाही, तर नंबर उशिरा लागणार, यात राग मानण्यासारखं काही नाही. लक्ष्मीनगर झोन ऑफिसला आणि उद्यान विभागाला लेखी कळवून पोच घ्या. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या झाड संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, पडलेल्या आणि धोकादायक झाडाला ती अडत नाही, पण कागद हातात असू द्या, शेजारी नंतर बोलतात.

आता खर्च. कापायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ, हे नाही केलं तर बाकी सगळं व्यर्थ. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे असलेल्या भारत गृह रक्षा या स्टँडर्ड पॉलिसीत वादळ तर आहेच, बाहेरची वस्तू आदळून होणारं नुकसानही आहे आणि त्यात पडणाऱ्या झाडाचा नाव घेऊन उल्लेख आहे. मलबा उचलायचा खर्चही क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत धरतात. कंपनीला आजच कळवा, सर्व्हेअर यायच्या आधी धोका टाळायला जेवढं हलवणं भाग आहे तेवढंच हलवा. खाली गाडी दबली असेल तर फुल पॉलिसीत मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. सरकारी मदतीसाठी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, पण आकडा माहीत असू द्या. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषात पक्क्या घराचं निदान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००, पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार असे आकडे होते. तेवढ्यात हायड्राचं भाडंही सुटेल की नाही शंका आहे, पण पंचनाम्याचा कागद विम्याला उपयोगी पडतो.

शेजाऱ्यांचं म्हणणं "वादळ आलं, माझा काय दोष" हे बऱ्याचदा चालतं, कारण नैसर्गिक आपत्तीत झाडमालकाला आपोआप दोषी धरत नाहीत. झाड पोकळ होतं, कललेलं होतं आणि तुम्ही आधी लेखी सांगितलं होतं असं दाखवता आलं तरच निष्काळजीपणाचा मुद्दा उभा राहतो. माझा सल्ला विचाराल तर भांडण ठेवा बाजूला आणि कापायचा खर्च अर्धा-अर्धा करा, त्यांच्या अंगणातूनच हायड्रा आत घालावा लागणार आहे.

आणि गुलमोहराला शिव्या देऊ नका, जरी तो मादागास्करचा पाहुणा असला, मुळं वरवर पसरणारी आणि लाकूड ठिसूळ असलं तरी. मे महिन्यात फुलापानांनी भरलेला असतो तेव्हाच वावधन, म्हणजे वादळी वारं, येतं. त्यात आपली काळी माती उन्हात भेगाळते, एका बाजूला नाली किंवा सिमेंट रोडसाठी मुळं तोडलेली, बुंध्यापर्यंत काँक्रीट, आणि तारेच्या बाजूच्या फांद्या छाटून झाड एकांगी केलेलं. त्रिमूर्तीनगरच काय, अर्ध्या नागपुरात हेच चित्र आहे. दिल्लीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलं होतं, आपल्याकडे किती झाडांभोवती ती सापडते ते संध्याकाळी फिरायला गेल्यावर बघा.

एक राहिलं. कापायच्या आधी फांद्यांत घरटी, खोडाच्या पोकळीत साप, वर मोहोळ आहे का बघून घ्या. पिल्लं सापडली तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवा, सापासाठी सर्पमित्र, मोहोळ असेल तर दिवसा मशीन चालू करूच नका.

बाबांकडून फोटो मागवून इथे टाका, त्यात एक बुंध्याच्या गड्ड्याचा आणि एक खांबावरून घरात येणाऱ्या वायरचा हवाच. गच्चीवर चढून काढू नका म्हणावं, समोरच्यांच्या बाल्कनीतून काढा.