समुद्राच्या गाळातला सूत्रकृमी (नेमॅटोड, दोऱ्यासारखा बारीक किडा) नव्या जातीचा आहे हे डीएनएवरून ठरवता येतं का?

नुसत्या डीएनएवरून सहसा नाही. आधी सूक्ष्मदर्शकाखाली प्रौढ नर बघावा लागतो. कारण साधं आहे: वर्णन झालेल्या अनेक सागरी जातींचे डीएनए क्रम डेटाबेसमध्ये नाहीतच, त्यामुळे ‘जुळणी सापडली नाही’ म्हणजे ‘नवीन जात’ असं होत नाही. नरच का, तर जाती वेगळ्या करणारी सर्वात भरवशाची खूण म्हणजे स्पिक्यूल, समागमाच्या वेळी वापरले जाणारे वाकडे काटे. त्यांची लांबी, वाक आणि गुदद्वारापुढच्या सप्लिमेंट या छोट्या पूरक अवयवांची संख्या मोजतात. पिल्लं आणि एकटी मादी हाती लागली तर बऱ्याचदा जीनसपर्यंतच (जातीच्या वरच्या गटापर्यंत) थांबावं लागतं. कुल ओळखायला डोकं बघायचं: तिथले केस, तोंडातले दात, आणि अँफिड हा वास-चव टिपणारा खळगा. कोमेसोमाटिडी कुलात तो गुंडाळीसारखा असतो, एनोप्लिडा गणात बहुधा खिशासारखा. शिवाय डी मानची गुणोत्तरं (शरीराची लांबी भागिले अनुक्रमे जाडी, घशाची लांबी आणि शेपटीची लांबी) द्यायची. मग जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं. नेमिस हा सूत्रकृमींचा ऑनलाइन डेटाबेस इथे फार कामाचा. शेवटी होलोटाइप (ज्यावरून जातीचं वर्णन केलं तो प्रमाण नमुना) संग्रहालयात जमा करून वर्णन प्रसिद्ध करायचं.

एक मात्र आहे: दिसायला एकसारख्या पण जनुकीयदृष्ट्या वेगळ्या जातीही असतात, तिथे डीएनए लागतोच. आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून तो नीट मिळत नाही, म्हणून थोडा गाळ डेस (डीएमएसओ, ईडीटीए आणि मीठ यांच्या) द्रावणात ठेवा. त्यात आकारही टिकतो.