टारावा 'बेट' नव्हे, अतोळ

प्रश्न आला आहे तो असा: दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये झालेल्या टारावाच्या लढाईबद्दल वाचताना कुठे 'टारावा बेट' दिसते, कुठे 'टारावा ॲटॉल', तर कुठे 'कंकणद्वीप'. बरोबर काय? आणि 'लगून'ला मराठीत काय म्हणावे?

'टारावा बेट' साफ चूक. 'मिडवे बेट', 'क्वाजालीन बेट', 'एनिवेटोक बेट' ही सगळी त्याच माळेतली, आणि पॅसिफिकच्या युद्धावर मराठीत लिहिणारे बहुतेक जण ती माळ जपत बसलेत. टारावा म्हणजे पोवळ्याच्या खडकावर रांगेने बसलेली बरीच चिमुकली बेटे आणि त्यांच्या कुशीतला उथळ समुद्र, म्हणजेच लगून. नोव्हेंबर १९४३ मधली लढाई मुख्यतः त्यातल्या बेतियो नावाच्या एकाच बेटावर झाली. त्याची रुंदी पुरती एक किलोमीटरही नाही.

हा नुसता कीस काढणे नव्हे. साध्या बेटाला किनारा असतो. इथे किनाऱ्याच्या कितीतरी आधी खडक लागतो. अमेरिकन सैनिकांना उतरवणाऱ्या हिगिन्स होड्यांना साडेतीन-चार फूट पाणी हवे होते आणि खडकावर तेवढे नव्हते, कारण भरती भांगाची होती. अष्टमीच्या आसपास पाणी उधाणासारखे चढत नाही, हे कोकणातल्या कोळ्याला सांगावे लागत नाही. टारावात अनेक वर्षे राहिलेल्या मेजर हॉलंड यांनी आधीच बजावलेही होते. शेवटी पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर गाड्या तेवढ्या खडक ओलांडून गेल्या. बाकीच्यांना शेकडो मीटर पाण्यातून, मशीनगनच्या माऱ्यात चालत जावे लागले. ७६ तासांत सुमारे १,००० अमेरिकन मेले. साडेचार हजारांवर जपानी बाजूच्या लोकांपैकी जिवंत हाती लागले १७ जपानी आणि शंभरावर कोरियन मजूर.

आता शब्द. 'ॲटॉल' हा इंग्रजी शब्द आहे असे समजून त्याला मराठी प्रतिशब्द घडवायला धावणाऱ्यांची मला गंमत वाटते. तो मालदीवच्या धिवेही भाषेतला आहे. मूळ उच्चार 'अतोळु', आणि त्यात चक्क आपला ळ आहे! धिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण आणि मराठीची चुलतबहीण. भारतात ती मिनिकॉय बेटावर आजही बोलली जाते. पिरार द लावाल हा फ्रेंच दर्यावर्दी १६०२ मध्ये मालदीवमध्ये जहाज फुटून अडकला आणि १६०७ पर्यंत तिथेच राहिला. राज्याचे तेरा प्रांत, आणि प्रत्येकाला तिथले लोक 'अतोलों' म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले. पुढे डार्विनने १८४२ च्या प्रवाळखडकांवरच्या पुस्तकात तो वापरला आणि शास्त्रज्ञांच्या तोंडी बसवला. ळ मात्र वाटेत कुठेतरी बुडाला.

या अतोळुचे मूळ काय? जुन्या इंग्रजी कोशांनी मल्याळम 'अडल', म्हणजे मिटणे किंवा जुळणे, इकडे बोट दाखवले आहे. कोशकार समुद्रावर गेले नव्हते एवढेच यातून कळते. अतोळ सहसा मिटलेले नसते. त्याला फटी असतात, त्यांतून जहाजे आत-बाहेर करतात, आणि बेतियोवर उतरणाऱ्या होड्याही अशाच एका फटीतून आत शिरल्या. सिंहलीत 'ऍतुळ' म्हणजे आत. तिथेही ळ आहे. संस्कृत 'अंत्र'चे मराठीत 'आतडे' होते, 'अंतर्'चे 'आत' होते. त्याच वाटेने हा शब्द आला असे मी मानतो. नाव पडले ते खडकाच्या कड्यावरून नव्हे, आतल्या पाण्यावरून. आरमारवाल्यांनाही हवे होते ते हेच आतले पाणी. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकनांनी पॅसिफिकमधले उलिथी अतोळ घेतले ते जमिनीसाठी नव्हे. तिथली जमीन मूठभर. पण आतल्या पाण्यात ओकिनावाच्या मोहिमेआधी शेकडो जहाजे नांगर टाकून उभी होती.

आणि या युद्धाने शब्दाचे माहेरही सोडले नाही. मालदीवच्या दक्षिण टोकाच्या अड्डू अतोळात ब्रिटिशांनी 'पोर्ट टी' या नावाने गुप्त नाविक तळ उभारला होता. एप्रिल १९४२ मध्ये जपानी ॲडमिरल नागुमोच्या ताफ्याने कोलंबो आणि त्रिंकोमालीवर विमाने सोडली, 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली. अड्डूचा मात्र त्याला पत्ताच नव्हता. त्या ताफ्यातल्या विमानवाहू नौका 'अकागी', 'सोर्यु' आणि 'हिर्यु' दोन महिन्यांनी मिडवेपाशी बुडाल्या. मिडवे हेही अतोळच. चौथी बुडाली ती 'कागा'. ती हिंदी महासागरात आलीच नव्हती, कारण पलाऊला खडकावर आपटून दुरुस्तीला गेली होती.

'कंकणद्वीप' दिसायला देखणा आहे, पण 'द्वीप' म्हटले की पुन्हा एकच बेट डोळ्यांपुढे येते. घोटाळा जिथला तिथेच. 'ॲटॉल' लिहिणे म्हणजे घरचा शब्द इंग्रजाकडून उसना घेणे. सरळ 'अतोळ' लिहा, नपुंसकलिंगी: ते अतोळ, ती अतोळे. 'टारावा अतोळातले बेतियो बेट' हे वाक्य कुठे अडते का?

राहता राहिले लगून. भूगोलाच्या पुस्तकांत त्याला 'खाजण' म्हणतात, ते वाचून गोव्यातला शेतकरी हसेल. त्याचे खाजण म्हणजे बांध घालून, मानशीने, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दाराने, खारे पाणी अडवून भात पिकवायची जमीन. विमानवाहू नौका तिथे उभी करता येत नाही. लगूनला 'लगून'च म्हणा.