चौथी लेन नेमकी कुठे जाते?

प्रश्न : ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळले की दोन्ही बाजूंना लेन वाढते. मग कोंडी कमी व्हायलाच हवी ना?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : लेन वाढते, पण वाहून नेण्याची क्षमता त्याच हिशेबाने वाढत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत (१९९०) एकेरी वाहतुकीच्या तीनपदरी शहरी रस्त्यासाठी तीन आकडे आहेत. रस्त्यावर सोसायट्या-दुकानांची फाटके उघडत नसतील, गाड्या उभ्या राहत नसतील तर ताशी ३६०० पीसीयू. फाटके उघडू लागली की २९००. त्यात गाड्या उभ्या राहिल्या आणि आडवी वर्दळ वाढली की २२००. पीसीयू म्हणजे सगळी वाहने कारच्या मापात मोजणे : कार १, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. रुंदी तीच, डांबर तेच, आणि पाचातले जवळजवळ दोन हिस्से गेले.

सोसायट्यांची आणि दुकानांची फाटके मुख्य रस्त्यापासून लांब ठेवणे, हेच सेवा रस्त्याचे काम. तो काढला की वाघबीळला गल्लीतून निघालेली रिक्षा थेट भरधाव लेनमध्ये शिरते.

चौकाचा हिशेब याहून कडक. एक उदाहरण मांडून बघा. हिरवा दिवा असताना थांबारेषेच्या दर मीटर रुंदीमागे ताशी ५२५ पीसीयू सुटतात असे धरतात. रुंदी १०.५ मीटर आणि १२० सेकंदांच्या फेरीत हिरवा ४५ सेकंद, तर ताशी २०६७ सुटतात. ३.५ मीटरची लेन जोडली की २७५६. आता कोपऱ्यावर रिक्षांची रांग लागून ३ मीटर अडले, तर उरतात २१६५. ६८९ मिळवले होते, हातात राहिले ९८! म्हणून काम सुरू असतानाच आग्रह धरा : रिक्षाथांबा आणि बसथांबा चौक ओलांडल्यानंतर, तोही रस्त्याच्या कडेला आत घेतलेल्या खाचेत. डावीकडची लेन शक्यतो स्थानिक वाहतुकीपुरती ठेवा आणि फाटके एकत्र करून मुख्य रस्त्यावर उघडणारी तोंडे कमी करा.

घाईत आणखी एक गोष्ट राहून जाते. जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीजतारा बहुधा सेवा रस्त्याखालीच असतात. त्या न हलवता वर डांबर टाकले, तर पुढे प्रत्येक गळतीसाठी मुख्य लेन खणावी लागते. चर भरताना माती थराथराने दाबली नाही की पहिल्याच पावसात तिथे खळगा. चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलली आहेत का, तेही पाहा. बोटभर खाली राहिलेले झाकण दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते.

प्रश्न : आमच्या मागे २० मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता नकाशात आहे, प्रत्यक्षात तो एका भिंतीपाशी संपतो. पाठपुरावा कसा करायचा?
– एक वाचक, ढोकाळी

उत्तर : आधी महापालिकेच्या शहर विकास विभागातून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा घ्या, सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका जोडा. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा त्याशेजारी ठेवला की भिंत रस्त्याच्या रेषेत किती शिरली आहे ते कळते. मग माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा : त्या पट्ट्याचा ताबा मिळाला का, मोबदला टीडीआरने (हस्तांतरणीय विकास हक्काने) दिला की रोख, आणि न्यायालयाची स्थगिती आहे का. ‘रस्ता कधी होणार’ असे विचारले तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच उत्तर येते.

बहुतेकदा रस्ता तीन-चार मालकांच्या जमिनीतून जातो आणि मधल्या एकाचा ताबा अडतो. इथे उशीर महागात पडतो. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षणच रद्द होते. एक तुकडा सुटला की दोन्ही बाजूंचा तयार रस्ताही वाया. नवा प्रारूप आराखडा आला असेल तर ३० दिवसांत हरकत द्या आणि तीत रस्त्याची रुंदी, दोन्ही टोके आणि सर्व्हे नंबर लिहा.

आमच्या मते ठाण्याला सर्वाधिक गरज या अर्धवट जोडरस्त्यांचीच आहे. ठाणे–बोरिवली बोगद्याचे आपल्याकडचे तोंड टिकुजिनीवाडीला आहे. तिथे उतरलेली वाहने आतल्या रस्त्यांवर पांगली नाहीत, तर ती सगळी घोडबंदर रस्त्यावरच उभी राहणार. शाळा-बाजाराच्या दोन किलोमीटरच्या फेरीसाठीही आज राज्य महामार्गावर यावे लागते, हे दुखणे उड्डाणपुलाने बरे होणारे नाही.

प्रश्न : गायमुख घाटात दर पावसाळ्यात खड्डे का पडतात?
– एक वाचक, भाईंदरपाडा

उत्तर : पाणी आणि आसभार, म्हणजे वाहनाच्या एका आसावर येणारे वजन. डोंगराकडचे गटार तुंबले की पाणी डांबराखालच्या खडीच्या थरात मुरते आणि तो मऊ पडतो. त्यावर चढाला हळू सरकणारे आणि उताराला ब्रेक मारणारे कंटेनर. एका आसावर २० टक्के जास्त भार असेल तर रस्त्याची झीज २० नव्हे, सुमारे १०० टक्के वाढते, कारण ती भाराच्या चौथ्या घाताने वाढते. खड्डा भरताना कडा उभ्या कापून, पाणी पूर्ण काढून, डांबराचा हात देऊन मगच मिश्रण टाकले पाहिजे. पाण्यात ओतलेली खडी पुढच्याच सरीत बाहेर येते. आणि गटार मे महिन्यातच साफ हवे.