ग्रीस की इटली? आधी सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारा

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघं ११ दिवसांसाठी बाहेर पडायचं म्हणतोय. लेकीला ग्रीसचं सँटोरिनी बेट हवंय, यांना रोम, मला समुद्र. तुर्कस्तान स्वस्त पडेल, असं जाऊबाई म्हणतात. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात आणि अंडंही चालत नाही. तिन्ही देश थोडे थोडे करावेत का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिन्ही अजिबात नकोत. ११ दिवसांत तीन देश म्हणजे विमानतळ आणि बॅगा, दुसरं काही नाही. तुर्कस्तान सुंदरच आहे, पण तो वेगळा, स्वतंत्र प्रवास. त्यात रोम घुसडू नका.

सँटोरिनीबद्दल लेकीशी जरा बोलावं लागेल. जुन्या बंदरापासून वर फिरा गावापर्यंत साडेपाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. केबल कार आहे, कबूल. पण वर पोचल्यावर गावातही पायऱ्याच. फोटोतलं ते पांढरं-निळं इया गावही कड्यावरच वसलंय. सासूबाईंना हॉटेलात बसवून तुम्ही फिरणार असाल तर गोष्ट वेगळी.

मी तुमच्या जागी असते तर रोम आणि इटलीच्या दक्षिणेचं सिसिली बेट केलं असतं. रोममध्ये तीन रात्री, मग रात्रीच्या रेल्वेगाडीने थेट सिसिलीतलं सिराकूझा शहर. ही गाडी मुख्य भूमीवरच्या व्हिला सान जोव्हानीला डबे सुटे करून बोटीत चढते आणि पलीकडे सिसिलीतल्या मेसिनाला उतरते. लेकीला हे सँटोरिनीइतकंच आवडेल, लिहून देते. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागा.

सिराकूझात तीन रात्री, त्याही जुन्या ऑर्टिजिया भागातच. हे बेट पुलाने जोडलेलं आहे, बरंचसं सपाट आहे आणि कुठूनही निघालात तरी थोड्या वेळात समुद्र. इथलं कॅथेड्रल बाहेरून, बाजूच्या गल्लीतून नक्की बघा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेना मंदिराचे जाडजूड खांब भिंतीत तसेच चिणलेले दिसतात. ग्रीसला न जाता ग्रीक मंदिर! पुढे पालेर्मोत तीन रात्री. तिथून आग्रिजेंतो रेल्वेने साधारण दोन तास. तिथल्या प्राचीन ग्रीक मंदिरांच्या परिसरात वरच्या, जुनो देवीच्या मंदिराच्या बाजूने आत शिरा, म्हणजे बहुतेक वाट उताराची. दुपारी नको, सावली फार नाही. ऑगस्टमध्ये तर सिसिलीचं नावच काढू नका. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकूझाजवळ ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय. मेमध्ये हवा छान, मात्र समुद्राचं पाणी अजून गार असतं. तुम्हाला पोहायचं असेल तर तेवढी तयारी ठेवा.

खाण्याची चिंता इथे कमी. दक्षिणेकडचा सुका पास्ता रवा आणि पाण्याचा, बिनअंड्याचा. ताजा पास्ता मात्र टाळा. सिसिलीतल्याच कतानिया शहराचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ म्हणजे वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीचा बेसिल, वर खारट रिकोटा चीज. पालेर्मोत ‘पानेल्ले’ मिळतात, हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून. सासूबाई बटाटेवडा विसरतील असं नाही, पण पोट भरेल. तळण्याचं तेल वेगळं आहे का, हे विचारून घ्या. ग्रानिता, म्हणजे बर्फाच्या गोळ्यासारखा गारेगार प्रकार, खुशाल खा, सोबतचा ब्रियोश पाव नको, त्यात अंडं असतं. आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं, तेव्हा ते वरून भुरभुरवू नका, असं आधीच सांगा.

मोटार भाड्याने घेऊ नका. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात आणि कॅमेरे दंड घरपोच पाठवतात.

सगळ्या रात्री इटलीत, म्हणून शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्जही इटलीकडेच करायचा. मोठ्यांची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेची गर्दी बघता जानेवारीतच अपॉइंटमेंट शोधायला लागा.