वाचकांचे प्रश्न : देवाची पूर्वनेमणूक आणि आपले दत्तकपण

नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडले आणि येशू ख्रिस्ताच्या द्वारे आपण त्याचे दत्तक व्हावे असे प्रेमाने पूर्वीच नेमले, असे प्रेषित पौल त्या अध्यायाच्या चौथ्या व पाचव्या वचनांत म्हणतो. तिन्ही पत्रांचा रोख याच वचनांकडे आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : तारण कोणाचे व्हायचे हे सृष्टीच्या आधीच ठरलेले असेल, तर आपण प्रार्थना, पश्चात्ताप आणि सुवार्ताप्रसार कशासाठी करायचा? माझे शेजारी म्हणतात, 'सटवाईने कपाळी लिहिलेले टळत नाही असे आम्ही म्हणतो, तुमचे तरी त्याहून वेगळे काय?' त्यांना काय सांगावे? (अहिल्यानगर)

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण पुष्कळ ख्रिस्ती माणसेही 'देवाची इच्छा' हे शब्द नशीब याच अर्थाने वापरतात, बस चुकली तरी देवाची इच्छा आणि मुलगा नापास झाला तरी देवाचीच इच्छा. पौल पूर्वनेमणुकीविषयी लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असल्या घडामोडी नसतात. रोमकरांस पत्रात (८:२९) तो म्हणतो की, देवाचा पुत्र पुष्कळ बंधूंमध्ये ज्येष्ठ ठरावा म्हणून देवाने आपल्याला त्या पुत्राच्या प्रतिमेसारखे होण्यासाठी पूर्वीच नेमले; इफिसकरांस पत्रात तो दत्तक होण्यासाठी नेमले असे म्हणतो. दोन्ही ठिकाणी बोलणे एका कुटुंबाचे आहे. कोणाचे पुढे काय होणार याचे भाकीत त्यात नाही. देवाला आपण कशासाठी हवे आहोत, हे त्यात सांगितले आहे.

कपाळावरचे लिखित कोणाशी नाते जोडत नाही. प्रारब्धाच्या कल्पनेत निदान हिशेब तरी असतो, कारण ते माणसाच्या स्वतःच्याच पूर्वकर्मांचे फळ मानले जाते. पौल नेमका तो हिशेबच नाकारतो. याकोब आणि एसाव या जुळ्या भावांविषयी लिहिताना तो मुद्दाम नमूद करतो की, मुले अजून जन्मली नव्हती, त्यांनी बरे-वाईट काहीच केले नव्हते, तेव्हाच देवाची निवड झाली होती (रोम. ९:११). निवडीचे श्रेय कोणालाही स्वतःकडे घेता येऊ नये, असा त्या वाक्याचा रोख आहे. हा विचार प्रारब्धाच्या कल्पनेपेक्षा सोपा आहे असे मी म्हणणार नाही. काही बाबतींत तो अधिकच अवघड आहे, परंतु तो वेगळा आहे एवढे शेजाऱ्यांना निःशंकपणे सांगता येईल.

आता मुख्य प्रश्न असा की, ठरलेलेच असेल तर प्रयत्न कशाला. याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथात नसून प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज वादळात सापडलेले असते आणि त्यावर २७६ माणसे असतात. 'तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही,' असे देवदूताने सांगितल्याचे पौल सर्वांना कळवतो. पुढे चौदाव्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, जमीन जवळ आल्याचा खलाशांना अंदाज येतो. ते पाण्याचा ठाव घेतात तेव्हा तो वीस वाव भरतो आणि थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव. खडकावर आपटण्याच्या भीतीने ते जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात, आणि मग पुढच्या बाजूलाही नांगर टाकायचे आहेत अशी बतावणी करून पळून जाण्यासाठी लहान होडी पाण्यात सोडू लागतात. तेव्हा हाच पौल शताधिपतीला, म्हणजे कैद्यांवरच्या रोमन अधिकाऱ्याला, बजावतो, 'ही माणसे जहाजावर राहिली नाहीत, तर तुमचा बचाव होणार नाही.' शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. ज्याला शेवट आधीच सांगितला गेला होता, तोच पौल खलाशांवर नजर ठेवून होता, आणि उजाडता उजाडता सर्वांनी चार घास खाऊन घ्यावे म्हणून आग्रहही करीत होता. या दोन गोष्टींत विरोध आहे असे त्याला वाटलेले दिसत नाही. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीने हेच सूत्ररूपाने मांडले: देवाच्या संकल्पामुळे माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही आणि दुय्यम कारणांचे स्वातंत्र्य नाहीसे न होता उलट पक्के होते. सूत्र नेमके आहे, पण मला जहाजावरचा प्रसंग जास्त पटतो.

हा वाद ख्रिस्ती मंडळीत जुना आहे. माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे पेलाजियस नावाचा साधू शिकवू लागला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने (३५४–४३०) त्याला विरोध केला आणि विश्वास ठेवण्याची पहिली हालचालसुद्धा कृपेनेच होते असे मांडले. ५२९ मध्ये आजच्या फ्रान्समधील ऑरेंज येथील धर्मसभेने कृपेचा हा अग्रमान मान्य केला, मात्र देवाने काहींना दुष्टपणासाठी नेमले आहे हे म्हणणे तिने स्पष्ट शब्दांत धिक्कारले. पुढे सोळाव्या शतकात जिनिव्हात धर्मसुधारक जॉन कॅल्विनने नेमकी हीच दुसरी बाजूही मांडली: काहींची निवड होते आणि काहींना टाकले जाते, दोन्ही देवाच्या संकल्पाने. हा संकल्प भयंकर आहे अशी कबुली त्यानेच आपल्या ग्रंथात दिली आहे. या शिकवणुकीला उघड विरोध करणाऱ्या बोल्सेकला १५५१ मध्ये जिनिव्हातून हद्दपार करण्यात आले. कृपेच्या शिकवणुकीचा बचाव अशा रीतीने व्हावा, याचे समर्थन मला करता येत नाही. हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० मध्ये आपले आक्षेप पाच कलमांत मांडले आणि १६१८–१९ मध्ये भरलेल्या डॉर्टच्या धर्मसभेने ते फेटाळले. तरीसुद्धा त्याच धर्मसभेने आपल्या निवेदनाच्या अखेरीस स्पष्ट केले की, निवड हे ज्या प्रकारे विश्वासाचे मूळ आहे त्याच प्रकारे त्याग, म्हणजे देवाने काहींना टाकणे, हे अविश्वासाचे कारण आहे, असे आम्ही शिकवत नाही. तराजूची दोन पारडी समान नाहीत हे डॉर्टच्या कठोर मंडळींनीही ओळखले होते, आणि माझ्या मते पौलाचा कलही तसाच आहे, तो निवडीविषयी स्तुती करीत लिहितो, त्यागाविषयी मात्र प्रश्नार्थक वाक्यांत लिहितो (रोम. ९:२२-२४).

सुवार्ताप्रसाराविषयी एकच गोष्ट सांगतो. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम केरी हा कॅल्विनच्या विचाराचा बाप्टिस्ट होता, आणि १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची परंपराही तीच होती. आपल्या अहिल्यानगरातील मराठी मिशन त्याच बोर्डाचे. पूर्वनेमणुकीवर विश्वास असलेली माणसे घरी बसून राहिली असती, तर हा प्रश्न आपण आज मराठीत विचारत नसतो.

प्रश्न : आम्ही पती-पत्नींनी एका मुलीला दत्तक घेतले आहे. उपासनेनंतर भेटणाऱ्या काही भगिनी 'तुमची स्वतःची मुलगी नाही ना ही?' असे तिच्यादेखत विचारतात. बायबल आपल्या सर्वांनाच देवाचे दत्तक म्हणते. मग येशू तेवढा खरा पुत्र आणि आपण दुय्यम मुले, असे समजायचे का? (पुणे)

उत्तर : पौलाने हा शब्द ज्या वाचकांसाठी वापरला, त्यांच्या मनात दत्तक म्हणजे दुय्यम असे समीकरण नव्हते. रोमकरांस पत्र इ. स. ५७ च्या सुमारास लिहिले गेले, तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता आणि तो क्लॉडियसचा दत्तक पुत्र होता. त्याआधी टायबेरियसला ऑगस्टसने दत्तक घेतले होते, तेही त्याच्या वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि खुद्द ऑगस्टसला ज्युलियस सीझरने मृत्युपत्राने दत्तक घेतले होते.

या दत्तकाचा विधीही पाहण्यासारखा होता. पाच रोमन नागरिक साक्षीला उभे राहत, एक जण तराजू धरून असे, आणि जन्मदाता पिता आपल्या मुलाची तांब्याच्या तुकड्याच्या मोबदल्यात नाममात्र विक्री करी. दोनदा विक्री झाल्यावर मुलगा परत त्याच्याच सत्तेखाली येई. तिसऱ्या विक्रीनंतर मात्र पित्याचा अधिकार कायमचा संपे. त्यानंतर दत्तक घेणारा न्यायाधिकाऱ्यापुढे 'हा माझा पुत्र आहे' असा दावा करी, त्यावर कोणी हरकत घेत नसे आणि अधिकारी तो दावा मान्य करी. त्या क्षणापासून मुलगा नव्या घराचे नाव लावी आणि औरस पुत्राच्या बरोबरीने वारस होई. 'आपण मुले आहोत तर वारसही आहोत, देवाचे वारस आणि ख्रिस्ताबरोबर सहवारस' (रोम. ८:१७) हे वाक्य रोममधल्या वाचकाने कसे ऐकले असेल, याची कल्पना यावरून येते. वारसा नाकारणे म्हणजे दत्तकच नाकारणे, हे मराठी माणसालाही निराळे सांगायला नको. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४८ मध्ये मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक डलहौसीने अमान्य केले आणि राज्य खालसा झाले.

येशू आणि आपण यांच्यात भेद आहे, तो लपवण्याचे कारण नाही. तो स्वभावतः पुत्र आहे, आपण कृपेने आहोत, असे मंडळी प्रारंभापासून शिकवत आली आहे. परंतु हा भेद आपण कसे आत आलो याविषयीचा आहे. आत आल्यावरच्या हक्कांत प्रतवारी नाही. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत दत्तकपणाची व्याख्याच अशी आहे की, देवाच्या निव्वळ कृपेने आपण त्याच्या पुत्रांमध्ये गणले जातो आणि पुत्रांच्या सर्व अधिकारांचे हक्कदार होतो. सर्व म्हणजे सर्व. आणि आपल्या मुलीसाठी हेही सांगावेसे वाटते की, 'तुम्ही माझे पुत्र व कन्या व्हाल' असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे (२ करिंथ. ६:१८).

कायद्याचाही एक मुद्दा आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता असल्यामुळे ख्रिस्ती दांपत्याला दीर्घकाळ १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली केवळ पालक म्हणून नेमले जाई, आई-वडील म्हणून नव्हे. बाल न्याय कायद्याने ही उणीव दूर केली, आणि कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला त्याखाली दत्तक घेता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. त्या प्रक्रियेत मूल बहुधा अंतिम आदेशाच्या आधीच घरी राहायला येते. त्याचे कपडे कपाटात लागलेले असतात, हाक मारायला नाव ठरलेले असते आणि कागद मागाहून येतो. पौलही आपल्या दत्तकपणाविषयी असेच दुहेरी बोलतो: दत्तकपणाचा आत्मा आपल्याला मिळालेला आहे (रोम. ८:१५), आणि तरीही दत्तकपणाची, म्हणजे आपल्या शरीराच्या मुक्तीची, आपण वाट पाहत आहोत (८:२३). त्या भगिनींना मात्र पाळकांकरवी एकदा स्पष्ट शब्दांत समज द्यावी. मुलीच्या देखत असे प्रश्न सहन करण्यात कसलाही ख्रिस्ती सद्गुण नाही.

प्रश्न : मी कॅथलिक आहे, माझे पती प्रॉटेस्टंट मंडळीतले आहेत. निवडलेल्यांना आपल्या तारणाची खात्री असते, असे ते म्हणतात. मला तशी खात्री वाटत नाही. पुष्कळदा प्रार्थनाही कोरडी होते. याचा अर्थ माझी निवड झालेली नाही असा घ्यायचा का? (वसई)

उत्तर : नाही. आपल्या कॅथलिक चर्चची शिकवण आधी पाहू. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये असे ठरवले की, विशेष प्रकटीकरण झाल्याखेरीज आपण निवडलेल्यांपैकीच आहोत असे कोणीही पूर्ण खात्रीने गृहीत धरू नये. म्हणजे आपल्याला जी खात्री वाटत नाही, ती वाटलीच पाहिजे अशी आपल्या चर्चची अपेक्षाच नाही. आशा धरावी एवढेच ते सांगते. देव कोणालाही नरकात जाण्यासाठी पूर्वी नेमत नाही, असेही कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. कृपा आणि माणसाची इच्छा यांचा मेळ कसा बसतो यावर जेझुइट आणि डोमिनिकन या दोन कॅथलिक संघांच्या पंडितांत अनेक वर्षे वाद चालला. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता एकमेकांना पाखंडी म्हणू नये अशी ताकीद दिली. तो निवाडा मला फार शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्या पतींच्या परंपरेविषयी. तिनेही खात्रीला निवडीची अट केलेले नाही. डॉर्टच्या धर्मसभेच्या निवेदनातील पहिल्या प्रकरणाचे सोळावे कलम खास आपल्यासारख्या माणसांसाठी लिहिलेले आहे: ज्यांना जिवंत विश्वास आणि मनाची शांती अजून तीव्रतेने जाणवत नाही, परंतु जे कृपेची साधने वापरत राहतात, त्यांनी त्यागाच्या, म्हणजे देवाने टाकण्याच्या, उल्लेखाने घाबरून जाऊ नये, कारण देव मिणमिणती वात विझवत नाही. आणि आपली निवड स्वतःमध्ये शोधू नका, ख्रिस्त हाच तिचा आरसा आहे, असे कॅल्विनने लिहिले आहे. आपल्या पतींनी हे परिच्छेद वाचले असतील तर ते त्यांच्या ध्यानातून सुटलेले दिसतात.

कोरड्या प्रार्थनेचे म्हणाल तर, 'अब्बा, बापा' ही हाक पौलाने दत्तकपणाची खूण म्हणून सांगितली आहे, आणि ती हाक आपण मारतो ती आत्म्याच्या योगाने, असे तो म्हणतो; त्याच अध्यायात पुढे, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचून विनंती करतो, असेही आहे (रोम. ८:२६). ही हाक किती उत्कट असावी याचे माप तो कोठेही देत नाही. आपण दोघांनी रोमकरांस पत्राचा हा आठवा अध्याय एकत्र वाचावा, एका बैठकीत, आणि नवव्याला घाई करू नये. नववा सुरू केलाच, तर मात्र अकरावा संपेपर्यंत थांबू नये, कारण देवाने सर्वांवर दया करावी हे वाक्य तेथे, अगदी शेवटी, येते.