डिकीतलं इन्सुलिन

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, टाइप वन डायबेटिस. एप्रिल लागल्यापासून साखर ३०० च्या खाली येईना, म्हणून डोस दोन युनिट वाढवला. जेवण तेच, भाकरी-आमटी. मोहोळला आजोळी जाताना बाटली स्कूटरच्या डिकीत असते. चुकतंय कुठे?
– एक आई, सोलापूर

उत्तर : पहिला संशय डिकीवर. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद डिकी त्याहून तापते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. उघडलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. मे महिन्यात पत्र्याच्या घरात हे जमत नाही, म्हणून तीही फ्रिजच्या दारातच ठेवा. फ्रीजरमध्ये मात्र नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलंच असतं. वीज जात असेल तर मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचं. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, कोकणात तेवढी नाही.

पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं तर फेकाच. पण उन्हाने बिघडलेलं बऱ्याचदा दिसायला ठणठणीत असतं. त्यामुळे शंका आली की नवी बाटली. तिची ताकद पूर्ण असणार, तेव्हा वाढवलेल्या दोन युनिटांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

सिरिंजही बघा. बाटलीवर ४० (म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट) लिहिलं असेल तर सिरिंज ४० चीच, लाल टोपणाची. दुकानात ती संपली म्हणून केशरी टोपणाची १०० ची आणली, तर १० च्या रेघेपर्यंत भरूनही पोरीला ४ च युनिट मिळतात. उलट, पेनच्या १०० च्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने ओढलं तर १० ऐवजी २५ जातात. हे जिवावर बेतू शकतं.

रोज एकाच जागी टोचून गाठ आली असेल, तर ती जागा सोडा.

प्रश्न : उलट्या होतायत, पोटात अन्न नाही. त्या दिवशी इन्सुलिन बंद ठेवायचं ना?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. टाइप वनमध्ये स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं, आणि इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्लं तयार करतं; ती साचली की जिवाला धोका. लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन चालूच ठेवायचं. जेवणाआधीचं किती कमी करायचं ते फोन करून विचारा. एकादशीच्या उपासालाही हेच. दर दोन-तीन तासांनी साखर बघा, लघवीतले कीटोन पट्टीवर तपासा, घोटघोट पाणी द्या. उलटी थांबत नसेल, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि जोरात चालत असेल किंवा तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.